जिथं कपडे ठेवून घेतील

नवरा आदल्या दिवशी घरी आला नव्हता आणि तरी जयमाला सकाळी साडेसातला कमळकाकडी धुवायला गेली. न जाऊन करणार काय होती? डिसेंबरचा तिसरा आठवडा, जपान्यांचं नवं वर्ष दहा-बारा दिवसांवर आलेलं, आणि नव्या वर्षाच्या ताटात कमळकाकडी नसली तर या लोकांना चालत नाही. साकामोतोंच्या शेडमध्ये या दिवसांत तापानं फणफणलेल्या माणसालाही कुणी घरी जा म्हणत नसे. शिवाय तिनं सासूला सांगून ठेवलं होतं, "ऑफिसात काम निघालं, तिथंच राहिलेत." घरी बसली असती तर सासूनं तोंड बघूनच ओळखलं असतं. लीलावतीबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या, पण घरात कुठं काय बिनसलंय हे ओळखायला त्यांना तीन दिवससुद्धा लागले नव्हते.

शेड म्हणजे पत्र्याचा आडोसा. समोर कासुमिगाउरा तळ्यापर्यंत कमळांची शेतं पसरलेली. उन्हाळ्यात इथं डोक्याएवढ्या उंच पानांचं रान असतं. आता नुसतं काळं पाणी आणि त्यात मोडलेले देठ. म्हातारा साकामोतो रबरी पोशाख घालून पहाटेपासून छातीभर पाण्यात उतरायचा, पाइपच्या फवाऱ्यानं चिखल उडवायचा आणि खालनं हातभर लांबीच्या काकड्या अलगद काढायचा. बायकांनी त्या धुवायच्या, पेरावर कापायच्या आणि खोक्यात भरायच्या. सालीला ओरखडा आला की माल दुय्यम. दोन-दोन हातमोजे घातले तरी पाणी नखांत शिरून बोटं बधिर व्हायची. जयमाला पुरंदरकडच्या शेतकऱ्याची लेक. चिखलाचं तिला काही नव्हतं, पण असला गार चिखल तिनं जन्मात पाहिला नव्हता.

खिशातला फोन तिनं त्या सकाळी दहा वेळा काढला. उल्हासच्या फोनवर तीच टेपमधली बाई तेच गोड आवाजात सांगत होती, की लागत नाही. काल संध्याकाळी सहाला त्याचा मेसेज आला होता, 'निघालो.' नऊ किलोमीटरचा रस्ता. सायकलवर पाऊण तास. त्यानंतर काही नाही.

दहाच्या चहाला सगळ्या बायका रॉकेलच्या शेगडीभोवती बसल्या. त्यातली मात्सुई म्हणून एक बडबडी बाई सांगायला लागली. काल संध्याकाळी पुलाजवळच्या कोंबिनीपाशी, म्हणजे ते चोवीस तास उघडं असणारं दुकान असतं ना, तिथं दोन पोलिसांनी एका परदेशी माणसाला अडवलं होतं. रुपेरी सायकल होती. बराच वेळ बॅटरी मारून सायकल बघत होते. मग त्याला गाडीत बसवून घेऊन गेले.

"इंदोजिन वाटला," मात्सुई म्हणाली. भारतीय वाटला. आणि जयमालाकडं बघून तिनं विचारलं, "तुझा नवरा तर नव्हे?"

"नाही," जयमाला म्हणाली. "ते घरीच आहेत. ताप आलाय."

असं फाडदिशी खोटं आपल्या तोंडून कसं आलं हे तिचं तिलाच कळलं नाही. पण ऑफिसलाही सकाळी तिनं हेच कळवलं होतं, ताप आलाय. खोटं एकदा सांगितलं की दुसऱ्या खेपेला ते आपोआप जिभेवर येतं. चहानंतर तिनं सुरी घेतली आणि पेर सोडून मधेच कापली. भोकाभोकांची चांगली जाडजूड काकडी वाया गेली. म्हातारी साकामोतो, जिला सगळ्या ओबासान, म्हणजे मावशी, म्हणत, समोरच होती. तिनं पाहिलं, आणि तुकडा उचलून बाजूला टाकला.

सायकल. जयमालाच्या कानात हा एकच शब्द राहिला.

ती सायकल उल्हासची नव्हतीच. ती प्रोजेक्टची सायकल. पाच वर्षांपूर्वी स्वानंद म्हणून एक जण पुण्याहून पहिल्यांदा इथं आला, त्याला ती स्टेशनजवळच्या भंगाराच्या ढिगाशी उभी दिसली. चांगली चालती. त्यानं आणली. तो परत जाताना गुणवंतला देऊन गेला, गुणवंत गेला तेव्हा उल्हासला. तांदळाचा कुकर, हीटर, गाद्या जशा एकाकडनं दुसऱ्याकडं जातात तशीच ही. गुणवंतनं जाताना किल्लीबरोबर हवा भरायचा पंपही दिला होता. सायकलच्या दांड्यावर नंबराची चिकटपट्टी असते, तो नंबर पोलिसांकडं कुणाच्या तरी नावावर असतो आणि सायकल हातची गेली की नावही बदलायचं असतं, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आपल्याकडं सायकलला कुणी नाव विचारतं का? तीन-तीन इंजिनियर, जगाचे प्रोग्राम लिहिणारे, आणि चोरीची सायकल पाच वर्षं आनंदानं दामटत होते.

बाकीचे सगळे गाडी चालवायचे. एकटा उल्हास नाही. "मला ड्रायव्हिंगची आवडच नाही," असं तो हसून सांगे. खरं कारण घरातल्या तीन माणसांना ठाऊक होतं. त्याला फिट्स यायच्या. गोळ्या चालू असल्या तर वर्ष-वर्ष काही नाही. गोळ्या चुकल्या, झोप चुकली, की उभ्या जागी कोसळायचा. सकाळी एक, संध्याकाळी एक. पुण्याहून सहा महिन्यांचा साठा यायचा, कारण इथल्या डॉक्टरकडं गेलं तर कागद होणार आणि कागद झाला की ऑफिसला कळणार. त्सुकुबा शहरात स्टेशनजवळ सगळी मराठी मंडळी राहत होती ती सोडून या तळ्याकाठी घर घेतलं तेही एवढ्यासाठीच. शेजारी आपलं माणूस नको.

काल संध्याकाळची गोळी घरी राहिली होती. आज सकाळचीही.

एक वाजता सुटल्यावर ती घरी न जाता पुलाजवळच्या कोबानमध्ये, पोलीस चौकीत गेली. चौकीत एकच तरुण पोलीस. तिनं शेडमध्ये शिकलेल्या जपानीत विचारलं, माझा नवरा, काल, सायकल, कुठं आहे? त्यानं आधी तिचं कार्ड मागितलं. परदेशी माणसानं नोंदणीचं कार्ड सतत जवळ बाळगायचं असतं, तिच्याजवळ होतं. त्यानं ते उलटंसुलटं करून दहा मिनिटं पाहिलं, वहीत उतरवून घेतलं. तेवढ्यात तिला आठवलं की उल्हासचं कार्ड घरी, धुवायला टाकलेल्या जाकिटात आहे. सोमवारीच तिनं ते जाकीट काढून ठेवलं होतं. 

पोलीस म्हणाला की इथं त्याला काही सांगता येणार नाही. मग नकाशा काढून दाखवला. पुलाचा अलीकडचा भाग एका ठाण्याकडं, पलीकडचा दुसऱ्याकडं, आणि गेल्या वर्षी आसपासची गावं मिळून एक शहर केलं तेव्हापासून तळ्याची ही बाजू तिसऱ्याकडं. काल कोणती गाडी आली होती? "वाकारिमासेन," तो म्हणाला. माहीत नाही. आणि उठून, कमरेत वाकून, त्यानं तिला दारापर्यंत सोडलं. एवढी अदब, पण हातात काही नाही.

कोंबिनीच्या बाहेर उभं राहून तिनं तिन्ही ठाण्यांना फोन केले. घरनं करणं शक्य नव्हतं. तिन्हीकडं तेच उत्तर. माणसाची माहिती फोनवर देता येत नाही. आहे की नाही तेही नाही. एकानं तर विचारलं, तुम्ही त्याच्या पत्नी आहात हे मला फोनवर कसं कळणार? बरोबरच होतं त्याचं. मग भारताच्या दूतावासाला लावला. तिथल्या माणसानं सांगितलं, अटक झालेल्यानं स्वतः सांगितलं तरच पोलीस आम्हाला कळवतात, आम्हाला काही कळवलेलं नाही. म्हणजे उल्हासनं सांगितलेलं नाही. तो सांगणारही नाही. दूतावासाला कळलं तर कंपनीला कळेल, कंपनीला कळलं तर व्हिसा गेला, असाच हिशेब तो आत बसून करत असणार. नवऱ्याला ती पुरती ओळखून होती.

शेवटी तिनं नयनाला फोन लावला. नयना कावासाकीला, पुण्यापासूनची मैत्रीण, पोटात गोष्ट ठेवणारी.

"थांब, नंदूला विचारते," नयना म्हणाली. नंदकिशोर, तिचा नवरा, त्या दिवशी घरूनच काम करत होता. त्याच्या कीबोर्डचा आवाज फोनवर ऐकू येत होता.

"वहिनी, अमेरिकेत हे एकदम इझी आहे," तो म्हणाला. "काऊंटीची वेबसाइट असते. आडनाव टाकलं, सर्च केलं, की कोणाला कधी पकडलं, कुठल्या जेलमध्ये ठेवलंय, फोटोसकट येतं. इथं पानंच्या पानं आहेत, ग्रामीण भागात अटकेच्या नोंदी कशा शोधाव्यात."

"मग इथलं बघा ना."

बराच वेळ टकटक झाली. "इथलं काही येत नाहीये," नंदकिशोर म्हणाला. आवाज उतरला होता. "सगळं अमेरिकेचंच येतंय. जपानमध्ये अशी लिस्टच पब्लिक नाही वाटतं."

नयनानं फोन घेतला. "अगं, पेपरात मात्र येतं म्हणे. लोकल पानावर. नाव, वय, कंपनी, सगळं. उद्याचा पेपर बघ."

हे सांगून तिनं मदत केली की जिवाला घोर लावला कोण जाणे. पेपरात नाव आलं तर सापडेल. पेपरात नाव आलं तर सगळं संपेल. जयमाला कोंबिनीच्या भिंतीला टेकून तशीच उभी राहिली. आतली पोरगी काचेतून दोनदा बघून गेली.

ती घरी पोचली तेव्हा चारच वाजले होते, पण ऊन उतरणीला लागलं होतं. लीलावतीबाई कोतात्सूपाशी, म्हणजे त्या खाली हीटर बसवलेल्या बुटक्या टेबलापाशी, पाय आत घालून बसल्या होत्या. समोर गोळ्यांची डबी उघडी होती. सात कप्प्यांची, वारांची नावं त्यांनीच मराठीत लिहून चिकटवलेली.

"मंगळ संध्याकाळ आहे," त्या म्हणाल्या. "बुध सकाळ आहे. ऑफिसात राहिला म्हणतेस, मग गोळ्यांशिवाय राहिला?"

जयमाला पायातले बूट काढत राहिली.

"कुठं आहे तो?"

मग तिनं सांगितलं. सायकल, कार्ड, पोलीस, तीन ठाणी. लीलावतीबाई ऐकत होत्या आणि डबीचं झाकण लावत होत्या, उघडत होत्या. सगळं झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "फिट्सचं कुणाला बोलली नाहीस ना?"

"नाही. पण सांगायला पायजे, आई." चिडली की जयमालाच्या तोंडी माहेरची बोली यायची. "त्यांला काय झालं आत, तर?"

"काही होत नाही. दोन दिवस गेले तर काही होत नाही. एकदा पोलिसांच्या कागदावर चढलं की जन्माचं झालं. इथली नोकरी गेली, तिकडं कुणी उभं करणार नाही. तुला कळत नाही का?"

कळत होतं. लग्नाच्या चौथ्या महिन्यात पुण्याच्या घरी, देव्हाऱ्यासमोर उल्हास कोसळला तेव्हाही याच बाई म्हणाल्या होत्या, "पहिल्यांदाच झालं गं असं. ऊन लागलं." जयमालानं त्या दिवशी त्यांचे हात पाहिले होते. त्यांनी त्याला कुशीवर केलं, दाताखाली काही घातलं नाही, घड्याळाकडं बघितलं, सगळं न चुकता. पहिल्यांदा बघणाऱ्या बाईला हे येत नाही. आठ वर्षं झाली, जयमालानं कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. जयमालाचे वडील मात्र मरेपर्यंत म्हणत राहिले, लग्नाआधी मी विचारलं होतं, चांगलं विचारलं होतं. त्यांच्यावर खरं म्हणजे तिचा राग नव्हता. या बाईंवर होता. आणि त्याच बाईंसाठी तिनं भात टाकला, आमटी केली, आणि दोघी चार-चार घास खाऊन उठल्या.

गुरुवारी सकाळी चहाच्या वेळी ओबासानचा पेपर शेगडीजवळ पडला होता. जयमालानं तो उचलला. तिला चिनी अक्षरं येत नसत, पण परदेशी नावं ज्या साध्या अक्षरांत लिहितात ती येत होती. स्थानिक पानावर ती बोट फिरवत गेली. त्या अक्षरांतला एखादा शब्द दिसला की बोट थांबायचं. एक ब्राझीलचा होता. एक मोटारीचं नाव निघालं. एक कसल्याशा स्वयंपाकाच्या भांड्याचं. उल्हास नव्हता. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"तिथं नाव लगेच येत नाही," मागनं ओबासान म्हणाली. "आमच्यावेळी चौथ्या दिवशी आलं होतं."

बाकीच्या बायका बाहेर खोकी लावत होत्या. ओबासान हातमोजे काढून तिच्याशेजारी बसली. सत्तरीची बाई, पाठ वाकलेली, बोटांची पेरं सुजलेली. थांबून थांबून, सोप्या शब्दांत बोलायला लागली, लहान मुलाला सांगतात तसं. तिचा थोरला मुलगा, बावीस वर्षांपूर्वी. दारू पिऊन मारामारी. कुठल्या ठाण्यात नेलंय ते कुणी सांगेना. गावात सगळ्यांना ठाऊक, घरच्यांना सोडून. मग तिच्या सासूनं तिला सांगितलं की विचारत बसू नकोस. कपड्यांचं गाठोडं घे आणि एकेका ठाण्याच्या खिडकीवर ठेव. आत माणूस नसला की गाठोडं परत देतात. जिथं कपडे ठेवून घेतील तिथं आपला माणूस.

"मुलगा आता?" जयमालानं विचारलं.

"होक्काइदोला. येत नाही," ओबासान म्हणाली, आणि उठून ॲप्रन सोडायला लागली. "चल. मी व्हॅन काढते."

"आज? काम..."

"म्हातारा धुवेल," ती म्हणाली. नवं वर्ष दहा दिवसांवर असताना, म्हाताऱ्याला पाण्यातनं बाहेर काढून ओबासान गाडी काढत होती. यावर काय बोलायचं असतं ते जयमालाला कुठल्याच भाषेत येत नव्हतं.

घरी ओबासाननं गाठोडं स्वतः तपासलं. टोपीचा स्वेटर बाजूला काढला, टोपीत दोरी होती. चेनचं जाकीट नको. पट्टा नको. पुण्याहून आणलेला सुती पायजमा उचलला आणि नाडीकडं बोट दाखवून मान हलवली.

"नाडीनं काय होतंय यांचं?" लीलावतीबाईंनी विचारलं.

 ओबासाननं हात गळ्याशी नेला आणि खाली घेतला. लीलावतीबाई बघतच राहिल्या. मग त्यांनी पायजमा घेतला, नाडीची गाठ सुटेना तेव्हा दातांनी सोडवली, आणि ती सबंध ओढून काढून कोतात्सूवर ठेवली. "मी पण येते," त्या म्हणाल्या. कोणी नको म्हटलं नाही.

गोळ्यांची डबी त्यांनीच पिशवीत टाकली. "नुसतं औषध म्हण," जयमालाला म्हणाल्या. "कसलं ते सांगू नकोस. शक्तीचं म्हण."

पहिलं ठाणं तळ्याच्या दक्षिणेला. ओबासाननं व्हॅन लांब, झाडांच्या आड उभी केली. "मी आत येत नाही," ती म्हणाली. "बावीस वर्षं या दारासमोरनं जात नाही मी." दोघी आत गेल्या. खिडकीतल्या माणसानं उल्हासचं नाव कागदावर लिहून घेतलं, आत गेला, बाहेर आला आणि गाठोडं दोन्ही हातांनी पुढं सरकवलं. ठेवून घेता येत नाही. जयमालानं ते परत घेतलं. बाहेर बाकावर बसलेली दोन माणसं त्यांच्या साड्या-स्वेटरकडं टक लावून बघत होती. लीलावतीबाईंनी पदर डोक्यावरून घेतला, पुण्यात त्या कधी घेत नसत.

दुसरं ठाणं बारा किलोमीटरवर.  जयमाला मनातल्या मनात मोजत होती, मंगळ संध्याकाळ, बुध सकाळ, बुध संध्याकाळ, आज सकाळ. चार झाल्या.

इथं खिडकीवर चष्मेवाला पोलीस होता. त्यानं फॉर्म दिला. नाव, नातं, पत्ता. जयमालानं लिहिलं. त्यानं कपडे एकेक उलगडून पाहिले, शिवणीतनं बोटं फिरवली, नाडी काढलेल्या पायजम्याच्या नेफ्यात डोकावून बघितलं. उल्हासचे बनियन, चड्ड्या, सगळं तिथं टेबलावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. मग गाठोडं बांधून आत घेऊन गेला. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. परत आला तेव्हा त्याचे हात रिकामे होते.

"आई, इथंच आहेत," जयमाला म्हणाली, आणि खिडकीचा कट्टा धरला.  भेटता येईल का, तिनं विचारलं. नाही. पहिले तीन दिवस वकिलाशिवाय कुणाला नाही.

मग तिनं गोळ्यांची डबी पुढं केली. पोलिसानं हात आडवा केला. बाहेरचं औषध चालत नाही.

"कुसुरी," तिनं पुन्हा म्हटलं. औषध. "रोज. रोज घ्यावंच लागतं."

आजार काय आहे, त्यानं विचारलं. खरोखर आजार असेल तर आमचा डॉक्टर बघेल. त्याला आजाराचं नाव पाहिजे. आतल्यानं स्वतः काही सांगितलेलं नाही.

शेडमध्ये धुवा, कापा, उचला, थंडी आहे, एवढं जपानी शिकता येतं. या आजाराला जपानीत काय म्हणतात ते जयमालानं कधी विचारलं नव्हतं, कारण विचारलं असतं तर तो विचारणारीच्याच घरात आहे हे दिसलं असतं. तिनं इंग्रजीत सांगून पाहिलं. पोलिसाला कळलं नाही. दुभाषा शुक्रवारी दुपारी येणार होता. "अतामा," ती म्हणाली, डोकं, आणि स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला. "डोक्याचा आजार." पोलिसानं मागच्या सहकाऱ्याकडं पाहिलं. दोघांच्या डोळ्यांत काय आलं ते तिला कळलं. वेडा. तिनं जोरात मान हलवली, "नाही, नाही, तसं नाही," मराठीतच. डोळ्यांत पाणी उभं राहिलं. डबी दोघांच्या मधे तशीच कट्ट्यावर.

"काय म्हणतो?" लीलावतीबाईंनी विचारलं.

"कसला आजार आहे सांगा म्हणतोय. मला शब्द येत नाही, आई. सांगितल्याशिवाय डॉक्टर बोलवत नाहीत."

लीलावतीबाई थोडा वेळ डबीकडं बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी खांद्यावरची शाल काढून जयमालाच्या हातात दिली, चपला बाजूला केल्या, आणि त्या सहासष्ट वर्षांच्या बाई ठाण्याच्या फरशीवर आडव्या झाल्या.

आधी त्यांनी मान एका बाजूला ओढली. मग उजवा हात आखडला, अंगठा मुठीत. दातांवर दात गच्च बसले. मग झटके. खांदे, कंबर, टाचा, फरशीवर थाड थाड आवाज यायला लागला. अंबाडा सुटून केस पसरले. घशातनं तोच घोगरा आवाज काढला, जो जयमालानं आठ वर्षांत सहा वेळा ऐकला होता. तोंडाच्या कोपऱ्यातनं त्यांनी लाळ गाळली, खरीखुरी लाळ. हा सगळा प्रकार कोणत्या क्रमानं होतो, किती वेळ चालतो, मग अंग कसं एकदम सैल पडतं, यातलं एक काही चुकलं नाही. बाकावर बसलेलं एक माणूस उठून उभं राहिलं. आतनं एक पोलीस बाई धावत आली.

"माने, माने," जयमाला म्हणाली. नक्कल आहे, नक्कल. मग आतल्या दाराकडं बोट केलं. "शुजिन." नवरा.

चष्मेवाल्याला कळलं. तो एक शब्द बोलला, बहुतेक त्या आजाराचं नाव, आणि पोलीस बाईशी भरभर काही बोलायला लागला. जयमालाला अर्धंमुर्धं समजलं. काल संध्याकाळी तो आत पडला होता. ओठ फुटला होता. पाय घसरला म्हणाला. म्हणून कुणाला कळवलं नाही.

पोलीस बाईनं लीलावतीबाईंना उठवून बाकावर बसवलं, गरम पाणी आणून दिलं. फोन झाला. डॉक्टर दोन वाजता येईल. मग ती कागद घेऊन समोर गुडघ्यांवर बसली. किती वेळा येतात? शेवटची कधी? गोळीचं नाव? जयमाला विचारत होती आणि सांगत होती. मग बाईनं विचारलं, "इत्सु कारा?"

"आई," जयमाला म्हणाली, "कधीपासून ते विचारतात."

लीलावतीबाईंनी पेला खाली ठेवला. सुनेकडं न बघता म्हणाल्या, "नवव्या वर्षापासून. चौथीत होता."

जयमालानं ते जपानीत सांगितलं.  पोलीस बाईनं लिहून घेतलं. मग सबंध कागद हळूहळू वाचून दाखवला आणि शाईची डबी पुढं केली. सही नको, अंगठ्याशेजारचं बोट टेकवा.

"काय लिहिलंय यात?" लीलावतीबाईंनी विचारलं.

"तुम्ही सांगितलंत ते. सगळं."

त्यांनी बोट शाईत बुडवलं आणि कागदावर दाबलं. बाईनं पुसायला कागदी रुमाल दिला, तो त्यांनी नुसता हातात धरला.

"तुझ्या वडलांनी विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "एकदा नाही, दोनदा विचारलं होतं. दुसऱ्यांदा एकटेच आले होते, तालुक्यावरनं एसटीनं. मी चहा दिला आणि नाही म्हटलं."

हे वाक्य ऐकायला जयमाला आठ वर्षं थांबली होती. ऐकल्यावर काय काय बोलायचं तेही तिनं कितीदा मनात जुळवून ठेवलं होतं. आता त्यातलं काही सुचेना. वडील एसटीनं गेले होते हे तिला माहीतच नव्हतं. तिला एवढंच दिसलं की सासूचे केस सुटलेत आणि कोपर सोलवटलंय. तिनं शाल त्यांच्या अंगावर घातली आणि शेजारी बसली. रडू आलं ते तिनं थांबवलं नाही.

दोन वाजून दहा मिनिटांनी एक टकला डॉक्टर काळी बॅग घेऊन आला. चष्मेवाल्यानं त्याला कट्ट्यावरची डबी दाखवली. डॉक्टरनं चष्मा वर करून वारांची न कळणारी नावं बघितली, एक गोळी हातावर घेतली, मागचं-पुढचं पाहिलं, आणि डबी बॅगेत टाकून आत गेला. दार बंद झाल्यावरच दोघी उठल्या.